सरकलेला राजा

अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बुद्धिबळाच्या स्पर्धेत बसले, तेही नातीकडून डाव शिकून. ती एकच घोकून घ्यायची, "आजी, आधी राजाला किल्लेकोट करून कोपऱ्यात बसव, मग काय ते लढ."

समोर दोन वेण्यांची, दहा वर्षांची मुलगी. मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, तिनंही तेच केलं. तेवढ्यात दिसलं, माझा राजा घराच्या रेषेवर सरकून उभा आहे. मी आपला बोटानं नीट मध्ये केला.

"आजी, हात लावलात. आता नियमानं तोच हलवायचा."

"अगं, नुसता सरळ केला गं!"

"मग आधी सांगायचं असतं."

जन्मभर मी न विचारता सगळं सरळ करत आले. तसबिरी, ताटं, पोरांच्या कॉलरी. एकदा आजारी सासूबाईंची उशी सरळ केली, तर त्या जाईपर्यंत त्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालला नाही. हात लावायला मी तेव्हापासूनच भ्यायला हवं होतं.

राजाला जायला एकच घर होतं, समोरचं. तिथे ठेवला. एकदा हलला की किल्लेकोट संपला. आता डावभर तो बिचारा उघड्यावर. तिच्या वजिराकडे बघायचा धीर होईना. खेळी झाली म्हणून पटाशेजारच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि बघते तर काय, राजा पुन्हा रेषेवरच! बोटं निघालीच होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.