रस्त्याच्या रुंदीचा आकडा

बाळांनो,

परवा फोनवर तुमच्यातला धाकटा हसत हसत सांगत होता, की ऑफिसात सगळे वापरतात त्या सिस्टीममध्ये त्यानं एक छोटासा बदल केला, कुणाला सांगितला नाही, आणि कुणाला कळलाही नाही. मी हसले नाही. का, ते लिहिते आहे.

दुष्काळाची वर्षं होती. शहर चहूबाजूंनी पसरत होतं आणि नळ पोचले नव्हते तिथं टँकर जात. मी औरंगपुऱ्यात, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, टँकर पुरवणाऱ्या खासगी कंत्राटदाराकडे इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असे. कोणता टँकर कुठं जाणार हे एक सॉफ्टवेअर ठरवायचं. पासवर्ड सगळ्यांचा एकच, मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवलेला. ज्याला वाटेल तो सेटिंग उघडायचा. कुणाच्या सासुरवाडीची कॉलनी यादीत वर सरकायची, आमच्या कंत्राटदार साहेबांच्या मित्राच्या बांधकामाला जादा फेरी मिळायची. संध्याकाळी सगळं पहिल्यासारखं करून ठेवायचा रिवाज होता, पण संध्याकाळी ज्याला त्याला घरी जायची घाई. तंबाखूच्या बोटांनी तपकिरी झालेली कीबोर्डची ती बटणं दाबायचीसुद्धा मला शिसारी येई.

एका दुपारी माझ्या टेबलाशेजारच्या, जिन्याकडे उघडणाऱ्या तक्रारींच्या खिडकीशी एक बाई आली. बजाजनगरच्या पलीकडच्या कामगार वस्तीतली. तिनं पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढं ठेवली आणि झाकण उघडलं. हिरवट पाणी, तळाशी सिमेंटचा गाळ. शेवाळाचा कुबट वास माझ्या टेबलावर पसरला.

"घ्या मॅडम, प्या."

"हे कुठलं?"

"बिल्डिंग बांधायलेत, तिथल्या हौदातलं. वॉचमनच्या हातापाया पडून आणतो. आमच्याकडं टँकरच नाय. लेक बाळंतीण हाय घरात. बाळाला ह्याच्यातच न्हाऊ घालतो, अन् तिला उकळून पाजतो."

"तक्रार केली होती?"

"व्हय की. फोनवर म्हणतेत, कम्प्युटरमधी तुमचा नंबरच येईना. आता कम्प्युटरला का तहान लागलीय?"

मी उठून मशीनपाशी गेले. तिची वस्ती यादीत होती, पण पुढं फेरी नव्हती. शेजारच्या वस्तीपुढंही नव्हती, जुन्या शहरातल्या निम्म्या गल्ल्यांपुढंही नव्हती. सेटिंग एकेक करून पाहिली. टँकर जाण्यासाठी रस्त्याची किमान रुंदी दहा फुटांच्या जागी वीस केलेली होती. अरुंद रस्त्यांची सगळी माणसं त्या एका आकड्यानं पुसली गेली होती, आणि त्यांचं पाणी बायपासकडच्या रुंद रस्त्यांच्या कॉलन्यांना आणि बांधकामांना चाललं होतं. म्हणजे त्या हौदातलं पाणीही आमचंच.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनानं डबीतला चुना काढता काढता उत्तर दिलं. "मीच की. आमच्या मेव्हण्याच्या टँकरचा आरसा त्या गल्लीत दोनदा घासला. लई कटकट करायला लागला होता."

"मग तेवढी एकच गल्ली काढायची!"

"तिथं कारण लिहावं लागतं, मॅडम. रुंदी बदलली तर काय विचारत नाय. करतो परत, चहा तर होऊ द्या."

दुसरा कारकून म्हणाला, "राहू द्या हो. बघा ना, फोन किती शांत झालेत. कॉलनीवाले खूश."

आणि सगळे हसले. खिडकीत ती बाई उभी, बाटली उघडी, आणि हे हसले.

आकडा मी स्वतः दहावर आणला, चिकटपट्टी सोलून काढली आणि पासवर्ड बदलला. यापुढं बदल करायचा तर आधी चारचौघांत मोठ्यानं सांगायचा, असं बजावलं. तिच्या वस्तीत त्या संध्याकाळी टँकर गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, कुणाला विचारून सेटिंगला हात लावला?"

हा प्रश्न त्या ऑफिसात पहिल्यांदाच विचारला जात होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळाकडं पाहत ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे हो, पण मित्रमंडळींचे फोन मला येतात." पासवर्ड त्यांनी मागून घेतला आणि पत्रव्यवहार काढून मला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं.

तिथंच काही आठवड्यांनी ती बाई पुन्हा आली. या वेळी कडेवर लेकीचं बाळ होतं, डोळे काजळानं माखलेले, मानेवर आणि पाठीवर फोडांच्या खपल्या.

"टँकर येतो ना?"

"मधी येत व्हता. आता पुना नाय."

मी मान वळवली. मॉनिटरच्या कडेला नवी चिकटपट्टी होती, तिच्यावर नवा पासवर्ड. मी तिला दारातून आत घेतलं, बाळ तिच्या कडेवरून माझ्या हातात घेतलं आणि त्या कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. बाळ रडत होतं.

त्यानं खुर्ची मागं ओढली. "अहो, इथं कशाला आणलं? काही लागण-बिगण झाली म्हणजे?"

मी हलत नाही हे पाहून त्यानं विसाचा आकडा पुन्हा दहा केला. मग रुमालानं हात पुसले, आणि चहा सांगितला.