अंबरनाथला रविवार नसतो

आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत हे कुणाला सांगावं लागत नाही. शुक्रवारी इथल्या चहाच्या टपऱ्यासुद्धा बंद असतात, लग्नाची पत्रिका आली की आम्ही मुलामुलीच्या नावांआधी वार बघतो, आणि रविवारी सगळी यंत्रं चालू असतात. विजेचा भार निरनिराळ्या वारांवर वाटून द्यायचा म्हणून कधीतरी ही सोय झाली आणि अंगवळणी पडली. मुंबईतल्या मुख्य कार्यालयाला मात्र अजूनही वाटतं की रविवार सगळ्यांचा एकच असतो.

मी या कारखान्यातले कम्प्युटर सांभाळते. आमच्याकडे मलमं बनतात: खरजेची, भाजल्याची, टाचांच्या भेगांची. माझ्या पदाचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. कामगार मला ‘कम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणतात आणि मला तेच अचूक वाटतं.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयानं एक नवं साधन घेतलं. कंपनीचे सगळे कम्प्युटर मुंबईत एका पडद्यावर दिसणार, नवे प्रोग्राम तिथूनच बसवले जाणार, अपडेटही तिथूनच सुटणार. यात वाईट काहीच नव्हतं. पेन ड्राइव्ह घेऊन मजल्यामजल्यावर फिरण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. मला आनंदच झाला. पण उद्घाटनाला समई होती, नारळ होता आणि व्यासपीठावर ताटाएवढं लाल बटण होतं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. आयटीप्रमुखांनी ते दाबलं, टाळ्या पडल्या आणि मागे बसलेल्या कुणीतरी माऊसनं खरं काम केलं.

“आता माणसाच्या चुकीला जागाच उरली नाही,” प्रमुख म्हणाले.

मी हात वर केला. “सर, अपडेट कधी सोडणार?”

“रविवारी सकाळी. सगळे घरी असताना.”

“अंबरनाथला रविवारी सगळे कामावर असतात.”

“नोटेड,” ते म्हणाले आणि समोशांकडे वळले.

मी नंतर दोन ईमेल पाठवले. दोन्हींना उत्तर आलं, की ईमेल मिळाला.

आमच्या वजनखोलीत मलमातला एकेक घटक तोलला जातो. काट्याचा आकडा कम्प्युटर आपोआप टिपून घेतो. ती नोंद नसेल तर माल कितीही चांगला असो, फेकून द्यावा लागतो. औषधांचा नियम आहे आणि योग्य आहे. पण काट्याचा प्रोग्राम इतका जुना, की नव्या कम्प्युटरवर चालतच नाही, आणि तो लिहिणारी कंपनी कधीच बुडाली. म्हणून मी नव्या कम्प्युटरच्या पोटात एक जुना कम्प्युटर उभा केला आहे. खरा नव्हे, आभासी, सगळा सॉफ्टवेअरचाच. आपण अजून वीस वर्षांपूर्वीच्या जगात आहोत अशी त्याची समजूत आहे. अशी समजूत असलेली माणसं मी वरच्या पदांवर पाहिली आहेत. त्यांच्या मानानं हा कामाचा. अडचण एवढीच, की बाहेरचा कम्प्युटर बंद झाला की आतलाही त्याच क्षणी जातो, हातातल्या कामासकट.

त्या खोलीत तोलायचं काम करणारे काका सोनिवलीचे. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर आहेत आणि चौथ्या बाजूला त्यांचे वालाचे वाफे. तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला चौदा महिने, आणि आजवर एकही मेमो नाही. हे ते स्वतः कधी बोलत नसत. बाकीचे नव्या माणसाला ओळख करून देताना सांगत.

एका रविवारी चौदापैकी अकरा घटक तोलून झाले होते. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली: ‘आत्ता रीस्टार्ट करायचं की नंतर?’ आणि खाली पंधरा मिनिटांचं उलटं घड्याळ. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण ते काट्याकडे पाहत होते. मी धावत पोचले तेव्हा कम्प्युटर पुन्हा सुरू होत होता आणि किती टक्के प्रगती झाली ते अभिमानानं सांगत होता. अकरा नोंदी गेल्या. बुधवारी मेमो आला: काम चालू असताना निष्काळजीपणे यंत्र बंद केल्याबद्दल. पुरावा म्हणून साधनातली नोंद जोडली होती. ‘वापरकर्त्याने संमती दिली.’

काका तो कागद माझ्या टेबलावर ठेवून उभे राहिले.

“मी कायपण दाबला नाय, मॅडम. एका हातात पावडरचा चमचा, दुसऱ्या हातात पिशवी. नाकानी दाबीन काय?”

“सही करू नका, काका.”

“मॅनेजरसाहेब बोलतो, करून टाक. कागदच तर हाय.”

“कागदच आहे तर त्यांनी करावी.”

काका हसले नाहीत. “तीस वर्षं झाली,” एवढंच म्हणाले.

माझ्याकडे वजनखोलीच्या कम्प्युटरची शनिवारची हुबेहूब प्रत होती. दर शनिवारी मी अशी प्रत काढून ठेवते. तिला जागं केलं की पहिली गोष्ट ती काय करणार? रविवारचं अपडेट मागणार. मी व्हिडिओवर मीटिंग लावून घेतली. मुंबईहून आयटीप्रमुख आणि मनुष्यबळ विभागाच्या बाई पडद्यावर आल्या, आमचे मॅनेजर कॅमेरा बंद करून हजर राहिले. इकडे मी आणि काका.

“साधनाची नोंद खोटं बोलत नाही,” प्रमुखांनी सुरुवात केली.

“मग तिलाच विचारू,” मी म्हटलं आणि प्रत चालू केली. चौकट आली. घड्याळ उलटं धावू लागलं. मी आणि काकांनी चारही हात कॅमेऱ्यात दिसतील असे टेबलावर ठेवले. “आता कुणी काही करायचं नाही. पंधरा मिनिटं.”

मुख्य कार्यालयाला पंधरा मिनिटं गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. चौथ्या मिनिटाला प्रमुखांना दुसरी मीटिंग आठवली. मी म्हटलं, “सर, तुम्ही उठलात तर उद्या म्हणाल, मागाहून आम्ही बटण दाबलं.” ते बसले. नवव्या मिनिटाला काका कुजबुजले, “मॅडम, नाक खाजतंय.”

“खाजवू नका.”

घड्याळ शून्यावर आलं. कम्प्युटर आपोआप बंद झाला, आपोआप उठला. मी नोंद उघडली आणि मोठ्यांदा वाचली: वापरकर्त्याने संमती दिली.

“टेक्निकली,” प्रमुख घसा साफ करत म्हणाले, “वेळेत उत्तर न देणं हीच संमती धरली जाते.”

“आमच्याकडे लग्नंसुद्धा आता अशी ठरत नाहीत, सर.”

बाईंना हसू आलं असावं. त्यांनी माईक बंद केला. प्रमुख मात्र चिडले. परवानगीशिवाय कंपनीच्या यंत्राची प्रत नेटवर्कवर चालवणं हा नियमभंग आहे, म्हणाले. खरंच आहे. मी सांगितलं, “त्याचा मेमो मला द्या. मी सही करते, कारण ते मी केलंय. आणि लिहिताच आहात तर हेही लिहा, की आज सकाळी मी ही प्रत सोडून अंबरनाथचे बाकी सगळे कम्प्युटर तुमच्या रविवारच्या यादीतून काढलेत. यादीत शुक्रवार येईपर्यंत ते परत जाणार नाहीत.”

“एका कारखान्यासाठी कंपनीचं वेळापत्रक बदलता येत नाही.”

“मग बदलू नका. शुक्रवारी मी एकेकाजवळ जाऊन अपडेट करेन. पाय शाबूत आहेत.”

माझा मेमो तिसऱ्या दिवशी आला, काकांचं पत्र दहाव्या. माझ्या मेमोवर मी लगेच सही केली. काकांचं पत्र इंग्रजीत होतं. मी त्यांना मराठीत सांगितलं: आपणास दिलेला मेमो सहानुभूतीपूर्वक विचार करून मागे घेण्यात येत आहे, पोच द्यावी. मॅनेजर दारात उभे होते, चेहऱ्यावर पेढे वाटायची तयारी.

काकांनी विचारलं, “चूक कोनाची ते लिवलाय काय?”

“नाही.”

“सहानुभूती कशाची? मी काय आजारी हाय?”

“अहो, सुटलात ना,” मॅनेजर म्हणाले. “आता कशाला ताणता?”

“सुटतो तो चोर, साहेब.” काकांनी पत्राची पूर्वीचीच घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवलं. “मॅडम, परत पाठवा.”

खरं सांगते, एवढ्यावर थांबावं असं मलाही वाटलं होतं. माझा तर हिशेब झाला होता. पण कागद त्यांच्या नावाचा होता. मी पत्र परत पाठवलं, सोबत दोन ओळींत कारण.

दुसरं पत्र यायला तीन आठवडे लागले. त्यात सहानुभूती नव्हती आणि एक वाक्य जास्त होतं: यंत्र मुख्य कार्यालयाच्या वेळापत्रकामुळे बंद पडले, त्यात संबंधित कामगाराचा हात नव्हता. मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं. मग मॅनेजरांनी पुढे केलेलं पेन बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या खिशातलं काढलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.