रगतबाई

रगतबाईसारखी उद्धट बाई मी पाहिली नाही, आणि मी स्वतःला रोज आरशात बघतो. डॉक्टर होती, पण औषध देणारी नव्हे. गरोदरपणात ज्यांचा बीपी भडकतो त्या बायकांचं रक्त नळ्यांत घ्यायचं आणि बर्फाच्या डब्यातून शहरात तपासायला धाडायचं, हे तिचं काम. म्हणून वॉर्डातल्या बायांनी तिचं नाव रगतबाई ठेवलं. मी शाळा चौथीत सोडली, पण लोधिवलीत माझ्यापुढे कोणी शहाणपण करत नाही. ही करायची.

माझी नात अश्विनी दहिवलीला दिलेली. सातव्या महिन्यात तिची ओटी भरली. पोरीचे पाय खांबासारखे सुजलेले, तोंड फुगलेलं, आणि जमलेल्या बाया म्हणतात, "अंग भरलंय गं, बाळ चांगलं पोसतंय." तिची सासू तर मिरवतच होती. सुजल्या हाताला साबण लावून कोपरापर्यंत हिरवा चुडा चढवला. पोर म्हणाली डोकं दुखतंय, तर मीठमिरची उतरवली. अकलेचे कांदे सगळे. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा कुठे टेंपोत घालून तिला मोठ्या दवाखान्यात नेली.

तिथे शीर सापडेना. बांगड्या मांसात रुतलेल्या. सासू म्हणाली, "ओटीचा चुडा हाय. बाळंत होईस्तवर उतरत नाय."

रगतबाई डबा घेऊन उभीच होती. "आजी, चुडा राहील. सून राहील का, सांगता येत नाही."

सासू रडायला लागली. नातजावई भिंतीकडे बघत उभा, जसं काही भिंतच बाळंत होणार होती. मी पुढे झालो. पोरीचा हात फडक्यात धरून एकेक बांगडी मोडली. बायको मेलेल्या म्हाताऱ्याने सवाशिणीच्या बांगड्या फोडल्या, असं अजून बोलतात. बोलोत.

सलाईन लागलं, तशी रगतबाई नळ्या घेऊन आली.

"हिला काय फायदा गं ह्याचा?"

"आज काहीच नाही, बाबा."

"मग कशाला पिळतेस?"

ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. "बाळ अर्धं बापाचं असतं. आईच्या अंगातले रोगाशी लढणारे राखणदार त्याला परकं समजून उठले, तर नाळेला नीट रक्त मिळत नसावं, आणि आईचा बीपी चढत असावा. त्या राखणदारांच्या खुणा रक्तात शोधतेय. कोणाच्या जिवाला जास्त धोका, ते आधी कळावं म्हणून."

"म्हंजे तुला ठाव नाय."

"नाही."

एवढं शिकून नाही म्हणते. मला हसू आलं. अश्विनीने मात्र स्वतःच हात पुढे केला.

ऑपरेशन झालं. मुलगा, ओंजळीत मावेल एवढा. काचेच्या पेटीत ठेवला. सगळे म्हणाले, होईल बरा. एकाने तर पेढेही वाटले. मी रगतबाईला विचारलं.

"फुप्फुसं कच्ची आहेत, बाबा. मला आशा कमी वाटते."

काळ्या जिभेची म्हणून मी तिला शिव्या घातल्या. पोर गेलं. अश्विनी वाचली.

मग गावात सुरू झालं, रगत काढलं म्हणून पोर गेलं. लोकांना खरंखोटं बघायला वेळ नसतो, बोलायला असतो. अश्विनीला मी माहेरी आणली होती. ती बोलत नव्हती, नीट जेवत नव्हती. रगतबाई तिचा बीपी बघायला आली, तशा ओटीवरच्या बाया पदर झटकून उठल्या.

मी म्हटलं, "बस गं बाय. जागा झाली."

अश्विनीने विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?" आम्ही सगळे तिला नशीब, देवाची मर्जी असलं काहीबाही सांगत होतो.

"काहीच नाही. हे मात्र मला नक्की माहीत आहे."

पोर तेव्हा रडली. संध्याकाळी पोटभर जेवली.

जाताना मी म्हटलं, "रगतात काय निघालं ते कळव."

"वर्षं लागतील, बाबा. तोवर तुम्ही नसाल."

पुढे तिची बदली झाली. आता ओटीवर माणसं येतात, शंभर वर्षं जगा म्हणतात, चहा पितात नि जातात.