दक्षिणेकडे पाय

बाबांना यवतमाळहून दिग्रसला घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मेंदूतला रक्तस्राव मोठा आहे, आता उपचार नाहीत, फक्त त्यांना त्रास होऊ देऊ नका. मी मान डोलावली आणि घरी येताच पलंग कसा ठेवायचा यावरून आईशी भांडले. पाय दक्षिणेला नकोत, तसे मेलेल्या माणसाचे ठेवतात, हा तिचा हट्ट. माणूस मरणाच्या दारात आणि हिला दिशांची पडलीय, असं मी फणकाऱ्यानं बोललेही. अखेर तिचंच चाललं. पलंग पूर्वेच्या भिंतीला लागला, उशी दक्षिणेला, पाय उत्तरेला.

आई दिवसभर त्यांच्याजवळ स्टुलावर बसायची. ओल्या कापसानं ओठ पुसायची, कुशीवर वळवताना मला हात द्यायची, शेतातल्या तुरीपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगायची. बाबा मात्र भिंतीकडे बघत पडलेले.

"राग धरून हायेत माह्यावर," ती एकदा म्हणाली. "दवाखान्यात लवकर नाही नेलं म्हणून. पाहूनच नाही राह्यले माह्याकडे."

मी तिला उडवून लावलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग आठवड्यातून एकदा येणारी नर्स आली. तिनं पाठीवर कुठे जखम होत नाही ना, ते पाहिलं, औषध दिलं आणि सहज म्हणाली, "अशा झटक्यात पेशंटले डावीकडचं काहीच कळत नाही, काकू. तुमी तिकून बसून कायचा उपयोग? उजवीकडं बसा."

उजवीकडे भिंत. खोली इतकी चिंचोळी, की पलंग मध्ये ओढला तर दार उघडेना. एकच उपाय होता, बाबांना फिरवून उशी पायथ्याला घ्यायची. म्हणजे पाय दक्षिणेला.

दिशांची थट्टा करणारी मी, पण चादरीला हात घालवेना. पाय तिकडे केले की बाबा गेलेच, असं वाटून मला रडू फुटलं.

आईनं पदर खोचला. "काहून थांबली वं? धर तिकून."

आम्ही तिघींनी चादरीसकट त्यांना हळूहळू फिरवलं. आई स्टूल ओढून बसली. बाबांची नजर छतावरून, दारावरून फिरत तिच्या चेहऱ्यापाशी आली आणि तिथेच थांबली.

"राग नव्हता तं," आई म्हणाली. तिनं त्यांचा उजवा हात आपल्या गालाशी धरला.

"डोळे भरून पाहून घ्या मले. मंग जा."