बेंबी दाबायची घडी

सुलभावहिनी गेल्याचं त्यांच्या मुलीनं, नेहानं फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "काका, रविवारी मेमोरियल आहे. मुलांना तुमची ती घडी शिकवाल? आईला ती फार आवडायची." मी हो म्हणालो. ती घडी माझी नाही, हे तेव्हाही सांगितलं नाही... त्याला आता सहा आठवडे झाले.

परदेशात आल्यावर सनीव्हेलच्या एकाच अपार्टमेंट इमारतीत आमच्या दोन्ही घरांनी संसार मांडले. मराठी शाळेत वहिनी दर रविवारी मुलांना कागदकाम शिकवायच्या. वाढदिवसाच्या पार्ट्यांमधून त्या गिफ्टचे कागद गोळा करायच्या, तेव्हा माझी बायको चिडवायची, "वहिनींना नुसता रिकामा खोका द्या, पण रॅपिंग भारी करा!" पक्षी, फूल, बेडूक... अशा कितीतरी गोष्टींची सुरुवात एकाच चौकोनी घडीनं होते आणि मुलांची नेमकी तीच चुकायची. वहिनींनी स्वतःची युक्ती काढली. तिरक्या घड्या रंगीत बाजूवर, आडवी-उभी पांढऱ्या बाजूवर. मग पांढरी बाजू वर करून कागद तळहातावर ठेवायचा आणि सगळ्या घड्या मिळतात तिथं बोटानं दाबायचं. "बेंबी दाबा रे!" चारही कोपरे आपोआप वर उठायचे. मुलं खिदळायची, "काकू, इट्स अलाइव्ह!"

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत ही युक्ती द्यायचं ठरलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला चित्र जमत नाही. तुम्ही इंजिनियर, तुम्ही काढा." मी आकृत्या काढल्या, खाली माझं नाव घातलं. संपादकांनी विचारलं, "तुम्हाला सुचली कशी हो?" मी म्हणालो, "अशीच." एवढा एकच शब्द... पुढं मंडळानं मला शाल दिली. वहिनी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. परतताना गाडीत मागून म्हणाल्या, "शाल उबदार आहे का हो, भावजी?" मी हसलो आणि रेडिओ लावला. त्याबद्दल त्या पुन्हा कधीच काही बोलल्या नाहीत. मला ते सोयीचं वाटलं, याची आज सर्वांत जास्त लाज वाटते.

मेमोरियलला मी घडी शिकवली. एका छोट्या मुलीनं विचारलं, "आजोबा, हाउ डिड यू थिंक ऑफ इट?" समोर वहिनींचा फोटो होता. मी म्हणालो, "तो कोपरा नीट धर."

गेल्या शनिवारी नेहाकडे जाऊन सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग इतकी वर्षं...?" आत जाऊन तिनं वहिनींच्या टेबलावरचं फोल्डर आणलं. त्यात माझ्या आकृत्यांच्या झेरॉक्स होत्या, वर्गात वाटून उरलेल्या. वरच्या प्रत्येक प्रतीवर शेवटच्या आकृतीखाली निळ्या पेनानं एक शब्द खोडलेला. मी लिहिलं होतं, 'रंगीत बाजू वर ठेवून दाबा.' तसं दाबलं तर एकही कोपरा उठत नाही. वहिनींनी तिथं 'पांढरी' लिहिलं होतं, दर वर्षी, दर मुलासाठी, हातानं. खालच्या माझ्या नावाला मात्र कुठंच हात लावलेला नव्हता.

तळाशी आठ-दहा प्रती दुरुस्त करायच्या राहिल्या होत्या. नेहानं त्या माझ्यापुढं ठेवल्या, निळं पेन दिलं आणि म्हणाली, "काका, दोन्ही करेक्ट करा."