रावजींच्या वहीतली सुशी

ज्या जीपमधून मी जाफराबादला सासरी गेले, त्याच जीपमधून सुशी आमच्या कुंभार पिंपळगावात सून होऊन आली. साटंलोट्याचं लग्न आमचं. तिच्या भावाला मी दिलेली, माझ्या भावाला ती. ड्रायव्हरनं बॉनेटवरचा हारसुद्धा बदलला न्हाई. मी आईच्या गळ्यात पडून रडत होते, अन् आई माझ्या खांद्यावरून ड्रायव्हरला सांगत होती, "जीप जल्दी परत आणा बरं, सून यायचीय."

पुढं दुकानासाठी आम्ही पुण्याला आलो. सासूबाई, म्हणजे सुशीची आई, आमच्यासोबतच. फ्लॅट झाला, गॅस आला, चोवीस तास पाणी. माझी आई तेवढी नव्हती. एसटीडी बूथवरून फोन केला की तिचं एकच, "तू नको काळजी करू, सुशी हाय ना." पाठ दुखती? सुशी हाय ना. लोणचं घालायचंय? सुशी हाय ना! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मीही काही कमी नव्हते. सुशीनं फोन घेतला की मुद्दाम सांगायची, "भाभी, तुमची आई रोज माझी वेणी घालते बरं का." ती लगेच फोन माझ्या आईच्या हातात द्यायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका दिवाळीनंतर राजस्थानातून रावजी आले. आमच्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या हेच लोक लिहून ठेवतात. मी एसटीनं धावत माहेरी गेले. रावजींनी लांबलचक वही उलगडली. शंभराहून जास्त वर्षांमागं दोन दोस्त बैलगाड्या जुंपून इकडं आले, एक आमच्या घरचा, एक सासरचा. परक्या मुलखात पोरी द्यायच्या कुणाला, म्हणून दोघांनी आपापल्या बहिणी एकमेकांना दिल्या. म्हणजे आमचं साटंलोटं तेव्हापासूनचं. वाचत वाचत रावजी माझ्या भावापाशी आले. पत्नी, सुशीला.

"अन् मी?"

"तुमचं नाव सासरच्या पानावर, बाई. एक नाव दोन घरी लिहीत न्हाईत."

"जन्मले मी या घरात!" माझा आवाज चढला.

"असं काय करून राह्यलीस?" आई म्हणाली.

तेवढ्यात सुशी पदर सावरत पुढं आली. "लिहा रावजी, माझं खोडून यांचं लिहा. मंग मी जाते माझ्या आईकडं, वेणी घालून घ्यायला."

सगळे हसले. ती न्हाई हसली.

पुण्याला परतल्यावर सासूबाई तेलाची वाटी घेऊन माझ्यामागं बसल्या. "कशी हाय सुशी?" त्यांनी विचारलं. या खेपेला मी सगळं नीट सांगितलं, तिचं वेणीचं बोलणंसुद्धा. त्यांचे हात माझ्या केसांत थांबले. "तिचे केस लई दाट होते," त्या म्हणाल्या. म्हणजे इतकी वर्षं त्यांची बोटं तेच केस शोधत होती! मी तिथंही जळाले.

लोक म्हणतात, नशीबवान आहेस, तुला दोन घरं. असतील बाबा. एका घरात माझ्या जागी ती आली, दुसऱ्यात माझ्या आधीपासून ती होती. पिंपळगावात बसून तीही माझ्याबद्दल हेच म्हणत असणार. अन् माझी आई तिची समजूत काढत असणार.