हौसेचा रकाना

मामाच्या शेताची वाट मी लावली, आणि तीही बसल्या जागी, बॉलपेनने.

त्याचं असं झालं. मामा-मामींनी शेत घेतलं, तेव्हा कर-कार्यालयात द्यायचा नोंदणीचा कागद भरायला माझ्याकडे आला. आमच्या सगळ्या गोतावळ्यात वाणिज्य शाखेतून पास झालेला मी एकटाच. किती टक्क्यांनी, हे कुणी विचारत नाही आणि मी आपणहून सांगायला जात नाही. नाव, पत्ता, जमिनीचं माप, विहीर आहे की नाही, सगळं रीतसर भरत गेलो. शेवटी एक रकाना आला : 'शेती करण्यामागचा हेतू'. मामा खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. मी विचारलं, "मामा, हेतू काय लिहू?" तो मागे न वळता म्हणाला, "हेतू कसला रे? हौस."

मी लिहिलं, 'हौस'. वरच्या मात्रा जरा ऐटीत ओढल्या. कागद पाठवूनही दिला.

माझा मामा म्हणजे चष्म्याच्या दुकानातला काचा घासणारा. पुढे दुकानात आरसे, दिवे, गुळगुळीत फ्रेमा. मागे बिनखिडकीची एक खोली, तिच्यात फिरतं चाक, त्यावर थेंब थेंब पडणारं पाणी, आणि चाकापुढे वाकलेला मामा. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर मोठं अक्षर, खाली मुंगीएवढी ओळ. त्याच्या पलीकडे मामाची नजर जन्मभर गेली नाही, कारण पलीकडे भिंतच होती. गावातली माणसं त्याला चेहऱ्यावरून कमी आणि नंबरावरून जास्त ठाऊक. पोस्टमास्तर गेले की म्हणायचा, उणे तीन निघाले घाईत. माझ्या शाळेतली एक बाई होती, जिचा आम्हांला भयंकर धाक, तिच्याबद्दल तो हळव्या आवाजात म्हणायचा, बिचारीला फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर दिसत नाही रे.

त्याचं एक मत होतं. डोळे कामाने थकत नाहीत, लांबचं बघायला मिळालं नाही की थकतात. म्हणून सुटीच्या दिवशी तो बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा, उतरायचा, कठड्यावर बसून लांब बघायचा आणि त्याच बसने परत यायचा. मामीला आधी संशय आला, मग तिनेही एकदा सोबत जाऊन बघितलं. तिथे काहीच नव्हतं. उतरती जमीन, तिच्या टोकाला झाडांची निळसर रेघ, आणि जागा विकणे आहे अशी पाटी. मामाने उतार बघितला, मामीने पाटी. दोघांनी मिळून शेत घेतलं ते असं.

दुकानात मामाचा थोडा वाटाही होता, तो त्याने मालकाला परत विकला, पण अर्धा दिवस कामाला जाणं चालू ठेवलं. त्या पैशातून विहीर बांधून घेतली, पंप बसवला, कुंपण घातलं, कोंबड्यांचं खुराडं केलं, आणि खालच्या तुकड्यात अंजिराची रोपं लावली. हिशेब माझ्याकडे. मी त्यांना समजावलं की पंप झिजतो, कुंपण झिजतं, म्हणून त्याचा घसारा दर वर्षी उत्पन्नातून वजा करता येतो. मामाने विचारलं, गुडघ्यांचा येतो का? मी म्हटलं, गुडघ्यांचा नाही, आणि जमिनीचाही नाही. कायद्याच्या लेखी जमीन झिजत नाही. हे ऐकून तो इतका खूश झाला की त्या संध्याकाळी जाऊन जमिनीवर हात फिरवून आला. न झिजणारी वस्तू त्याने आयुष्यात प्रथमच विकत घेतली होती. काच घासून पातळ करण्यातच त्याचा जन्म गेलेला.

घासताना बिघडलेल्या काचा तो वर्षानुवर्षं एका डब्यात साठवत आला होता. त्या त्याने दोऱ्यांना बांधून अंजिराच्या रोपांवर टांगल्या, पाखरं बुजावीत म्हणून. पाखरं काही बुजली नाहीत. पण वारा सुटला की सगळ्या उतारावर उजेडाचे तुकडे पळत सुटायचे, कोंबड्या त्यांच्या मागे, आणि मामा बांधावर आडवा पडून बघत. कुठल्या काचेतून झाड जवळ यायचं, कुठल्या काचेतून उलटं व्हायचं. त्या वेळी त्याला हाक मारली तर 'ओ' यायला बराच वेळ लागायचा. जणू आवाज त्या निळ्या रेघेपर्यंत जाऊन परत यायचा.

मामी मात्र पूर्ण जागी. तिने पत्र्याचे दोन डबे केले. एक घराचा, एक शेताचा. शेताच्या पैशाला घराने हात लावायचा नाही, हे मी सांगितलं होतं, पण ती ते इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. सकाळी मामाला आम्लेट हवं असलं की घराच्या डब्यातून पैसे निघायचे आणि शेताच्या डब्यात खणकन पडायचे. त्याशिवाय अंडं फुटायचं नाही. मामा म्हणायचा, माझ्याच कोंबडीचं अंडं मला विकत. मामी म्हणायची, कोंबडी शेताची आहे, तुम्ही घरचे आहात.

असं सगळं छान चाललेलं असताना कर-कार्यालयाचं पत्र आलं. आपण शेती हौस म्हणून करत असल्याचं स्वतःच लिहून दिलं आहे, सबब विहीर, पंप, कुंपण, रोपं हा खर्च धंद्याचा धरता येत नाही. दुकानाच्या कमाईवर पूर्ण कर भरावा. हरकत असल्यास आमचे अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतील.

मी आकडा काढला. पुन्हा काढला, म्हणजे कमी येईल या आशेने. तेवढे पैसे दोन्ही डब्यांत मिळून नव्हते. भरायचे तर खालचा तुकडा विकावा लागणार होता. अंजिरांचा, काचांचा. मामा हे ऐकून बांधावर जाऊन बसला, आणि त्या दिवशी तो लांब न बघता जवळच बघत होता. मामीने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "शहाण्या, अक्षर मात्र छान आलंय हो."

मी हरकत लिहून पाठवली आणि पाहणीच्या आधी मामाची तयारी करून घेतली. काही विचारलं तरी म्हणायचं, मी ही शेती नफ्यासाठी करतो. मामा म्हणून दाखवी, पण तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावल्यासारखा. नफ्यापाशी हटकून अडखळायचा. मी म्हटलं, जरा जीव ओतून म्हण. तो म्हणाला, खोट्यात जीव ओतला तर मग खऱ्यात काय ओतू? वाणिज्य शाखेत हा धडा नव्हता.

अधिकारी बाई बसने आल्या. हातात फाइल, पायांत उतारावर चालायला अजिबात न चालणारे बूट. विहीर बघितली, पंप बघितला, पावत्या बघितल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण त्यांचा चष्मा एका बाजूला कललेला होता आणि त्या सारख्या तो वर ढकलत होत्या. मामाच्याने ते बघवेना. तो म्हणाला, "बाई, जरा देता का इकडे?" खिशातून नखाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, काडीचा स्क्रू पिळला, काचा सदऱ्याने नव्हे, खास फडक्याने पुसल्या आणि चष्मा परत दिला. बाईंनी तो घातला आणि प्रथमच उताराकडे नीट बघितलं. वारा सुटला होता. उजेडाचे तुकडे अंजिरांतून पळत होते. बाई फाइल छातीशी धरून बघत राहिल्या. मग भानावर येऊन विचारलं, किती झाले? मामा म्हणाला, एका स्क्रूचे काय पैसे घ्यायचे!

मी मामाच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला. "हे सगळं तुम्ही कशासाठी करता?"

मामाने माझ्याकडे बघितलं. उताराकडे बघितलं. "नफ्या..." म्हणाला आणि थांबला. "खरं सांगू का बाई, इथे बसलं की लांबचं दिसतं."

संपलं, मी मनात म्हटलं. खालचा तुकडा गेला. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला उगाच आठवतं.

निघताना त्यांची नजर खुराड्यापाशी ठेवलेल्या अंड्यांच्या टोपलीवर गेली. मामा लगबगीने पुढे झाला, न्या की बाई, घरची आहेत. बाई मागे सरकल्या. आम्हांला असं काही घेता येत नाही, नियम आहे. मामाचा चेहरा उतरला. तेवढ्यात मामी मधे आली.

"घरची नाहीत, शेताची आहेत," ती म्हणाली. "आणि फुकट कोण देतंय?" तिने भाव सांगितला.

बाई थोड्या चमकल्या. मग म्हणाल्या, बाजारात तर स्वस्त मिळतात. मामी म्हणाली, मग बाजारातून घ्या. बाईंनी डझनाला काही कमी करायला सांगितलं. मामीने खाद्याचा भाव सांगितला, खुराड्याचा घसारा सांगितला, फुटक्या अंड्यांचं नुकसान सांगितलं, आणि भाव होता तिथेच ठेवला. मामा अस्वस्थ होऊन पुटपुटला, अगं, पाहुण्या आहेत. मामी म्हणाली, गिऱ्हाईक आहेत.

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"हा धंदा कोण चालवतं?" त्यांनी विचारलं.

"मी," मामी म्हणाली.

"आणि हे?" बाईंनी मामाकडे पेन रोखलं.

मामीने मामाकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, एखाद्या जुन्या पंपाकडे बघावं तसं.

"ही माझी हौस," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून नुसता खर्च आहे. नफ्याचं नाव नाही."

"हौसेचा खर्च वजा होत नाही," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

"ठाऊक आहे. मागितला कुणी?"

बाईंनी माझ्या त्या ऐटबाज अक्षरावर रेघ मारली, शेजारी 'व्यवसाय, पत्नी चालवते' असं लिहिलं आणि माझी आणि मामीची सही घेतली. मामाची घेतली नाही. तो तोवर पुन्हा उताराकडे बघत होता आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. इतक्या वर्षांत मामीने त्याला असं काही म्हटलं नसावं.

काही दिवसांनी हरकत मान्य झाल्याचं पत्र आलं. खालचा तुकडा राहिला. अंजिरं अजून धरलेली नाहीत; झाडं अजून लहान आहेत, असं मी कागदोपत्री लिहितो, आणि ते खरंही आहे.

एक गोष्ट मात्र मिटायची राहिली आहे. त्या दिवशी अंड्यांचे पैसे देताना बाईंकडे सुटे कमी पडले. थोडेच. मामा म्हणाला, राहू द्या हो. मामी म्हणाली, राहू देऊ कशाला, पुढच्या खेपेला द्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, लिहून ठेव : येणं, कर-कार्यालय. मी म्हटलं, मामी, हे बाईंचं खाजगी देणं आहे, कार्यालयाचं नाही. ती म्हणाली, आल्या कार्यालयाच्या कामाला ना? मग झालं तर. तेव्हापासून दर वर्षी शेताच्या हिशेबात एक ओळ असते. मी ती हल्ली सरळ अक्षरात लिहितो, ऐट न करता.

मागच्या सुटीत गेलो, तेव्हा मामा बांधावर आडवा होता. वर काचा हलत होत्या, त्याच्या चेहऱ्यावरून उजेड इकडून तिकडे जात होता. मामीने शेतावरच्या घरातून हाक मारून विचारलं, काय दिसतंय? बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"सगळं दिसतंय. झाडं, रस्ता. बस येतेय."

"बाई उतरल्या का?"

मामा कोपरावर उठला, डोळ्यांवर हात धरून त्या निळ्या रेघेपर्यंत नीट बघून घेतलं.

"अजून नाही," म्हणाला, आणि पुन्हा आडवा झाला.